‘मला सगळं दिसायलंय’ म्हणणाऱ्या सासूबाईंचा पडदा

केज तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव वगळून त्याचा गोषवारा असा:

सासूबाईंचं वय ६१. नऊ वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. वर्षभरात चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, म्हणून ताईंनी त्यांना अंबाजोगाईला चष्म्याच्या दुकानात नेलं. नंबर काढून झाल्यावर तिथला मुलगा म्हणाला, मोतीबिंदू सुरू झालाय, आणि शुगर आहे तर डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटोही काढून घ्या, त्याचे सहाशे रुपये वेगळे. सासूबाई म्हणाल्या, “मला सगळं दिसायलंय. सुईत दोरा ओवते मी. कशाला पैसे घालायलीस?” शेतावरच्या नवऱ्याला फोन लावला, तर तो म्हणाला, हे सगळे धंदे आहेत, चष्मा घे आणि ये. सोयाबीनच्या फवारणीचे दिवस, हातात मोजके पैसे. ताईंनी फोटो नको म्हटलं. आता त्या लिहितात: “घरी आल्यापासून मन खातंय. शेजारच्या काकू म्हणतात, मोतीबिंदू पिकला की ऑपरेशन करायचं, मग सगळं लख्ख दिसतं, पडदा-बिडदा बघायची गरज नसते. पडदा बघायला डोळ्यात थेंब टाकले की दोन दिवस दिसत नाही असंही म्हणतात. माझं चुकलं का? पुन्हा नेऊ का? नेलं तर घरात काय सांगू? माझं वय ३६. दुसऱ्या बाळंतपणात शुगर निघाली होती, नंतर गेली, त्यामुळे माझं तसं काही नाही. पण विचारून ठेवते, मीही फोटो काढावा का?”

ताई,

आधी मन खातंय त्याबद्दल. त्या दिवशी तुम्ही सहाशे रुपये दिले नाहीत, यात तुमचं काही चुकलं नाही. फोटो कशाचा, तो कोण बघणार, त्यातून काय कळणार, यातलं काहीच त्या मुलाने सांगितलेलं दिसत नाही. न समजलेल्या गोष्टीवर फवारणीचे पैसे घालायचे नाहीत, हा विचार बरोबरच होता. मात्र सासूबाईंचा पडदा बघायचा राहिलाय, आणि पत्रावरून वाटतं की नऊ वर्षांच्या शुगरमध्ये तो एकदाही बघितला गेलेला नाही. ते काम बाकी आहे. या महिन्यात करून टाका.

मी डोळ्यांची डॉक्टर नाही. मराठवाड्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत २२ वर्षं नेत्र चिकित्सा अधिकारी होते. नंबर काढले, शाळेतली पोरं तपासली, मोतीबिंदूच्या शिबिरांना म्हाताऱ्या माणसांच्या गाड्या भरून पाठवल्या. “मला सगळं दिसायलंय” हे वाक्य मी त्या खुर्चीत बसलेल्या माणसांकडून किती वेळा ऐकलं, त्याची मोजदाद नाही. ती माणसं खोटं बोलत नव्हती, तुमच्या सासूबाईही बोलत नाहीत. त्यांना खरंच दिसतंय.

पण सुईत दोरा ओवणं हे पडद्याच्या अगदी मधल्या, जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीच्या जागेचं काम आहे. तांदूळ निवडणं, पोथी वाचणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, सगळं बारीक काम तिथूनच होतं. ती जागा शाबूत आहे तोवर बाकीच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके पडलेले असले तरी माणसाला पत्ता लागत नाही. दुखत नाही, खाजत नाही, डोळा लाल होत नाही. म्हणून सुई-दोऱ्याची परीक्षा पास झाली, एवढ्यावर पडदा चांगला आहे असं धरून चालता येत नाही. (एक गोष्ट जाता जाता सांगते. उतारवयात चष्म्याशिवाय जवळचं एकदम बरं दिसायला लागलं, तर तेही कधी कधी मोतीबिंदू सुरू झाल्याचंच लक्षण असतं. ‘आईची नजर परत आली’ म्हणून कौतुक करणारी घरं मी पाहिली आहेत.)

पडदा म्हणजे डोळ्याच्या आत, पाठीमागच्या बाजूला असलेला पातळ थर. बाहेरून आलेला उजेड त्यावर पडतो आणि तिथून मेंदूकडे जातो. त्या थरात केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की त्यांच्या भिंती कमजोर होतात. आधी त्यांना बारीक फुगे येतात, मग त्या झिरपायला लागतात, आणि रक्त, पाणी, चरबी पडद्यात साचते. मधल्या जागेवर सूज आली की मग माणूस पहिल्यांदा म्हणतो, ‘जरा धुरकट दिसायलंय.’ काहींच्या रक्तवाहिन्या बंदच पडतात. मग रक्त न मिळालेल्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या उगवतात, पण त्या इतक्या नाजूक असतात की एखाद्या दिवशी फुटतात. रात्री चांगलं दिसत होतं आणि सकाळी डोळ्यापुढे काळं जाळं आलं, असं सांगत येणारे पेशंट बहुतेक या टप्प्यावरचे असतात. डॉक्टर या दुखण्याला डायबेटिक रेटिनोपथी म्हणतात.

हे वाचून घाबरून जाऊ नका. २०१५ ते २०१९ या काळात आपल्या देशात सरकारने सर्वेक्षण केलं होतं. त्यात पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी सुमारे १७ टक्के लोकांच्या पडद्यावर हा आजार आढळला, आणि नजर जाण्याइतका वाढलेला होता तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास लोकांमध्ये. म्हणजे सासूबाईंचा पडदा स्वच्छ निघण्याचीच शक्यता जास्त आहे. फक्त त्या कोणत्या बाजूला आहेत, हे बघितल्याशिवाय सांगता येत नाही. टाइप टू मधुमेहात, म्हणजे मोठ्या वयात होणाऱ्या नेहमीच्या शुगरमध्ये, निदान झालं त्याच वेळी पडदा बघायचा आणि नंतर साधारण वर्षातून एकदा, असा नियम आहे. कारण शुगर कळते त्याच्या कितीतरी आधीपासून ती अंगात असू शकते.

नंबर वर्षात दोनदा बदलला, हे तुम्ही ओघात लिहून गेलात. माझं लक्ष तिथे अडलं. रक्तातली साखर वर-खाली होत राहिली की डोळ्यातल्या भिंगात पाणी कमी-जास्त होतं आणि नंबर सरकतो. मोतीबिंदूनेही सरकतो. कारण कोणतंही असो, नव्या चष्म्यावर पैसे घालण्याआधी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ही रक्ततपासणी करायला हवी होती. साखर सहाशे रुपयांच्या फोटोने कमी होत नाही आणि दीड हजारांच्या चष्म्यानेही होत नाही. ती आटोक्यात नसेल तर आजचा चष्मा दिवाळीपर्यंत पुन्हा ‘लागेनासा’ होईल. मी नोकरीत असताना असे घरात तीन-तीन चष्मे पडलेले पेशंट यायचे, आणि चष्मेवाल्याला नावं ठेवायचे.

आता काकूंचं म्हणणं. आपल्याकडे डोळ्याचं दुखणं म्हटलं की मोतीबिंदूच आठवतो, आणि त्याला कारणही आहे. लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांनी मोतीबिंदूच्या लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. गावोगाव शिबिरं झाली, आंधळी झालेली माणसं स्वतःच्या पायाने घरी परतली. ते ज्यांनी डोळ्यांनी बघितलं, त्यांचा ऑपरेशनवर विश्वास बसणारच. पण मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. ते भिंग काढून त्या जागी नवं बसवता येतं. पडदा काढून नवा बसवता येत नाही. पडदा खराब असेल तर पुढचं भिंग कितीही लख्ख बसवा, चित्र जिथे पडायचं ती जागाच बिघडलेली राहते.

माझ्या सख्ख्या मामांचं असंच झालं. परभणीकडचे होते ते, चौदा वर्षांची शुगर. मोतीबिंदू ‘पिकायची’ वाट बघत बसले आणि आम्हीही बसलो. ऑपरेशन उत्तम झालं, त्यात कुणाची काही चूक नव्हती. पट्टी सोडली तेव्हा मामांनी इकडे-तिकडे बघितलं आणि म्हणाले, “उजेड वाढलाय गं, पण तुझं तोंड काही दिसत नाही.” पडद्याच्या मधोमध जुनी सूज होती, कायमचा डाग पडलेला होता. मोतीबिंदू इतका दाट झाला होता की ऑपरेशनच्या आधी आतला पडदा नीट दिसतच नव्हता, आणि त्याआधीच्या वर्षांत तो कुणी बघितला नव्हता. मी याच खात्यात नोकरीला होते, दर दिवाळीला त्यांच्या घरी जेवून येत होते, आणि एकदाही त्यांना विचारलं नाही की मामा, थेंब टाकून डोळा कधी दाखवला होता का. तुमचं पत्र वाचून आधी तेच आठवलं.

तेव्हा पिकायची वाट बघण्याचा सल्ला बाजूला ठेवा. तो जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेच्या काळातला आहे. आता रोजच्या कामाला अडचण व्हायला लागली की मोतीबिंदू काढतात. शुगरच्या माणसाने तर दाट होईपर्यंत थांबूच नये, कारण मग डॉक्टरांनाही आतलं दिसेनासं होतं. सासूबाईंचा मोतीबिंदू नुकता सुरू झालाय, म्हणजे पडदा अजून दिसतोय. बघायची हीच वेळ आहे.

तुमच्या मालकांच्या मनातली शंका मला रास्त वाटते. दवाखान्यात आणि दुकानात नको त्या तपासण्या गळ्यात मारल्याचे अनुभव आपल्या सगळ्यांकडे आहेत. पण पडद्याचा फोटो हा काही कुणी परवा काढलेला धंदा नाही. जिवंत माणसाच्या डोळ्यात डोकावून पडदा बघायचं साधन जर्मनीतल्या हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली जगापुढे आणलं. पडद्याचा फोटो काढायचे कॅमेरे १९२० च्या दशकापासून विकत मिळतात. इंग्लंडमध्ये २००३ पासून मधुमेहींच्या पडद्याचे ठरावीक मुदतीने फोटो काढायचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, तोही मोफत. त्यानंतर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की कामाच्या वयातल्या लोकांची नजर जाण्याच्या कारणांत मधुमेहाचा पडदा तिथे पन्नास वर्षांत पहिल्यांदाच पहिल्या क्रमांकावरून खाली आला. एकट्या फोटोमुळेच ते झालं असं नाही, साखरेवरचे उपचारही सुधारले होते. पण वेळेवर फोटो, वेळेवर पुढची तपासणी, वेळेवर लेझर (प्रखर प्रकाशकिरणाने पडद्यावर केलेला उपचार) ही साखळी त्यामागे होती.

फोटोला त्रास काही नाही. हनुवटी टेकवून बसायचं, क्षणभर लख्ख उजेड पडतो, झालं. तो एक्सरे नाही. शुगर असो, बीपी असो, त्याने काही बिघडत नाही. फोटोत पडद्यावरच्या रक्तवाहिन्या, मधली जागा आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं तोंड दिसतं. त्या नसेवरून काचबिंदूचा संशय घेता येतो, जरी त्याची खात्री डोळ्याचा दाब मोजल्याशिवाय आणि नजरेचा परीघ तपासल्याशिवाय होत नाही. शरीर न कापता रक्तवाहिन्या प्रत्यक्ष बघता येतील अशी ही जागा, त्यामुळे बीपीच्या खुणाही डॉक्टरांना तिथे दिसतात.

आणि फोटोतून जे कळत नाही तेही सांगते, कारण दुकानात ते कुणी सांगत नाही. साध्या कॅमेऱ्याच्या एका फोटोत पडद्याचा मधला भाग येतो, कडा येत नाहीत. मोठा परीघ टिपणारे कॅमेरे आहेत, पण ते मोठ्या शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांत. थेंब न टाकता फोटो काढला तर म्हाताऱ्या माणसाची, त्यातही शुगर असलेल्यांची बाहुली बारीक असते, त्यात मोतीबिंदू, मग फोटो धूसर येतो. धूसर फोटो म्हणजे ‘काही निघालं नाही’ असा अर्थ काढून लोक घरी जातात, हे मी बघितलंय. धूसर फोटोचा अर्थ एकच, थेंब टाकून डॉक्टरांनी बघायचं.

म्हणून फोटो हवा की नको या प्रश्नापेक्षा मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: सासूबाईंचा पडदा यंदा कुणी जाणकाराने बघितला का? बाहुली थेंबांनी मोठी करून, डोक्याला दिवा लावून, हातात भिंग धरून नेत्रतज्ज्ञ पडदा बघतात, ती तपासणी कडेपर्यंतची असते. ती झाली असेल आणि फोटो काढला नसेल, तरी चालतं. नुसता फोटो काढला आणि तो कुणी वाचलाच नाही, तर सहाशे रुपये गेले. दोन्ही झालं तर उत्तम. फोटोचा मोठा फायदा पुढच्या वर्षी कळतो. विहिरीच्या कडेला खूण केलेली नसेल तर पाणी किती खाली गेलं हे पुढच्या मे महिन्यात कशावरून सांगणार? गेल्या वर्षीचा फोटो हातात असला की यंदाचा ठिपका नवा की जुना हे डॉक्टर बदलला तरी ठरवता येतं.

पुढे कधी कुठेही फोटो काढायची वेळ आली तर पैसे देण्याआधी विचारायचं: हा फोटो वाचणार कोण, नेत्रतज्ज्ञ की मशीन की तुम्हीच? सहीचा लेखी रिपोर्ट मिळेल का? फोटो माझ्या मोबाईलवर द्याल का? काही निघालं तर पुढे कुणाकडे पाठवाल? सरळ उत्तरं मिळाली तर खुशाल काढा. ‘ते सगळं आम्ही बघतो’ एवढंच उत्तर आलं तर तुम्ही परवा केलंत तेच करा. मशीनचं नाव घेतलं म्हणून लगेच बिचकू नका. फोटो वाचून ‘तज्ज्ञाकडे पाठवा’ किंवा ‘पुढच्या वर्षी या’ एवढं सांगणाऱ्या संगणकप्रणालीला अमेरिकेत २०१८ मध्ये पहिल्यांदा सरकारी मान्यता मिळाली. जिथे डॉक्टर पोचत नाहीत तिथे चाळणी म्हणून ती चांगलीच आहे. पण ती मधुमेहाच्या खुणा शोधते. बाकी डोळा ठीक आहे, असा तिच्या उत्तराचा अर्थ होत नाही.

तुमच्यासाठी मी सुचवेन तो रस्ता असा. ज्या अंबाजोगाईत तुम्ही चष्मा केलात, तिथेच स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं सरकारी रुग्णालय आहे. तिथल्या नेत्र विभागात केसपेपर काढून ‘शुगर आहे, थेंब टाकून पडदा बघायचाय’ असं स्पष्ट म्हणा. ‘डोळे दाखवायचेत’ एवढंच म्हणालात तर नंबर काढून पाठवतील, गर्दी तेवढी असते. इतर जिल्ह्यांतल्या वाचकांनीही हेच वाक्य पाठ करून जावं. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, लातूर आणि नांदेडची सरकारी मेडिकल कॉलेजं, आणि प्रत्येक जिल्ह्याचं सिव्हिल. आधी आपल्या ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याला विचारलं तर पडदा बघणारे डॉक्टर कोणत्या वारी असतात ते कळेल आणि एक खेप वाचेल.

थेंबांनी दोन दिवस दिसत नाही, हे खरं नाही. थेंब टाकल्यावर बाहुली मोठी व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. मग चार-सहा तास जवळचं धुरकट दिसतं आणि उजेड सहन होत नाही. संध्याकाळपर्यंत, फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत, सगळं पहिल्यासारखं होतं. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात मात्र तेवढा वेळही जड जातो. टोपी किंवा गॉगल नसेल तर पदर कपाळावर पुढे ओढून घ्यायचा. एसटीने न्या. ज्याच्या डोळ्यात थेंब टाकलेत त्याने त्या दिवशी मोटारसायकल चालवायची नाही, हे सगळ्या दादांना सांगणं आहे. शुगरच्या माणसाला रांगेत ताटकळत ठेवायचं तर भाकरी बांधून न्या, गोळी-जेवणाची वेळ चुकवू नका. आणि घरी आल्यावर डोळा जोरात दुखायला लागला, लाल झाला, उलटी आली, तर वाट न बघता परत जायचं. असं क्वचित होतं, पण माहीत असावं. चालू गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो, साखरेचे जुने रिपोर्ट आणि आधीचे दोन्ही चष्मे पिशवीत असू द्या.

घरात काय सांगायचं, हा प्रश्न तुम्ही विचारलात, आणि मला वाटतं खरा भार तोच आहे. सासूबाई पैशाला भीत आहेत असं वरवर दिसतं. माझा अनुभव असा की त्या वयाच्या बायका ‘काही निघालं तर’ याला जास्त भितात. आपलं ओझं मुलावर पडेल, ऑपरेशन सांगतील, रानातलं काम कोण करेल. त्यामुळे ‘तुमचा पडदा खराब झाला असेल’ असं म्हणून त्यांना उठवू नका. ‘मोतीबिंदू काढायला सोपा आहे का ते मोठ्या डॉक्टरांना एकदा विचारून येऊ’ म्हणा. ते खरंही आहे, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी पडदा बघावाच लागतो. नवऱ्याला मात्र सरळ सांगा: दुकानातला फोटो मी नाकारला, तुमचं ऐकलं. आता सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या आणि एसटीच्या पैशात तीच तपासणी होतेय, आणि आईची शुगर नऊ वर्षांची आहे. जमलं तर त्यांनाच सोबत घ्या. आईच्या डोळ्याबद्दल डॉक्टर मुलाशी बोलले की सुनेला घरी येऊन ते पुन्हा सिद्ध करत बसावं लागत नाही.

काही निघालंच तर? सुरुवातीचे ठिपके असतील तर बहुतेक वेळा डोळ्यावर काहीच करत नाहीत. साखर, बीपी, चरबी आटोक्यात आणायला सांगतात आणि सहा महिन्यांनी किंवा वर्षाने बोलावतात. नव्या रक्तवाहिन्या उगवलेल्या असतील तर लेझर. १९७० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासाने दाखवून दिलं की अशा डोळ्यांना वेळेवर लेझर केलं तर नजर कायमची जाण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं. मधल्या जागेवर सूज असेल तर डोळा बधिर करून इंजेक्शनं देतात, ती बहुधा एकाने भागत नाहीत, हे आधीच माहीत असलेलं बरं. रक्त साचून राहिलं किंवा पडदा ओढला गेला तर शस्त्रक्रिया. तशी वेळ आली तर रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का हे त्यांना विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. यातला बराचसा उपचार आहे ती नजर राखायचा आहे. लेझर झाल्यावर ‘दिसायला तर तेवढंच आहे, मग उपयोग काय झाला’ म्हणून पुढची तारीख चुकवणारे फार असतात. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा.

ज्यांच्या घरी शुगर नाही अशांनी काय करायचं, हेही थोडक्यात सांगते. आई-वडिलांना काचबिंदू असेल, चष्म्याचा उणे नंबर सहाच्या पुढे असेल, सांधेदुखीसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, तर पडदा दाखवायचाच. चाळिशी ओलांडलेल्यांनी वाचायचा चष्मा करताना एकदा डोळ्याचा दाब आणि पडदा बघून घ्यावा. पंचविशीतल्या, काही तक्रार नसलेल्या मुलाने फोटो नाही काढला तर काही बिघडत नाही. आणि डोळ्यापुढे एकाएकी काळे ठिपके तरंगायला लागले, विजेसारखी चमक दिसली, एका बाजूने सावली सरकत आली, तर वय-शुगर काही न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. ऊसतोडीला गेलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. ‘गावी परत गेल्यावर दाखवू’ म्हणेपर्यंत पडदा सुटतो.

राहिलं तुमचं. “माझं तसं काही नाही” असं लिहिलंत, पण बाळंतपणात निघालेली आणि नंतर गेलेली शुगर म्हणजे काहीच नाही असं नाही. ज्या बाईला गरोदरपणात शुगर झाली तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा खूप जास्त असते, म्हणून दर एक ते तीन वर्षांनी साखर तपासत राहावी लागते. तुमच्या पत्रात सासूबाईंच्या नऊ वर्षांचा हिशेब आहे, तुमची साखर शेवटची कधी तपासली त्याचा कुठे उल्लेख नाही. तुम्हाला आत्ता पडद्याच्या फोटोची गरज नाही, रक्ताच्या तपासणीची आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर आणि बीपी आरोग्य उपकेंद्रात फुकट बघतात, आशाताईंना विचारा. नाहीतर अंबाजोगाईला जाल त्या सकाळी तुम्ही (सासूबाई नाही) घरून काही न खाता निघा, तिथे पोचल्यावर आधी तुमचं रक्त द्या, आणि मग सासूबाईंच्या डोळ्यात थेंब टाकून बसलेला तो अर्धा तास दोघी मिळून पिशवीतली भाकरी खा.